खात्री आहे ना?

जाडजूड लेजरांच्या जागी संगणक आले तेव्हा आम्हा बँकवाल्यांना त्यातली एक गोष्ट फार आवडली, ती म्हणजे मॅक्रो. १९८३ साली ‘लोटस १-२-३’ हा आकडेमोडीचा प्रोग्रॅम बाजारात आला. एकापाठोपाठ दाबायच्या कळा त्याच्या कोष्टकातच लिहून ठेवता येत. एन्टरसाठी नागमोडी चिन्ह. मग ऑल्ट आणि एक अक्षर दाबले की पुढचे सारे आपोआप!

आज हेच काम टेबलावरची छोटी पेटी करते. एल्गाटो कंपनीचा ‘स्ट्रीम डेक’ २०१७ साली आला, त्यावर पंधरा बटणे होती. प्रत्येक बटणावर आपल्याला हवे ते चित्र. माझी भाची चित्रफितींचे संकलन करते. दिवसातून शेकडो वेळा दाबायच्या चार-चार कळा तिने एकेका बटणात बसवल्या आहेत. मनगटाला तेवढाच आराम.

पण पेटीला डोळे नसतात. खिडकी उघडायला संगणकाने क्षणभर जास्त घेतला, तरी पुढच्या कळा सुटतातच आणि रकमेच्या रकान्यात तारीख जाऊन बसते. म्हणून जाणकार मधे अर्ध्या सेकंदाचा विराम घालतात. अर्थात तोही अंदाजच. ‘ऑटोहॉटकी’सारख्या प्रोग्रॅमला ‘अमुक खिडकी येईपर्यंत थांब’ असे सांगता येते, ते अधिक बरे.

मला धास्ती वाटते ती निराळ्याच कळेची. ‘खात्री आहे ना?’ असे संगणक विचारतो आणि आपण एन्टर दाबतो. तो एन्टरही मॅक्रोत घातला, की प्रश्न वाचायच्या आतच आपला होकार गेलेला असतो. बँकेत नोंद करणारा एक आणि मंजुरी देणारा दुसरा, ते काही उगाच नाही. एका शाखेतले अधिकारी (नाव कशाला घ्या?) मॅक्रो लावून नोंदींमागून नोंदी मंजूर करीत. साहेब वेळेवर घरी जात. पुढे तपासणीत निघाले, की एका पेन्शनर बाईंच्या खात्यात तीच रक्कम दोनदा जमा झाली होती, आणि दोन्ही वेळा रीतसर मंजूर! बाईंनी ती केव्हाच औषधपाण्याला खर्चलेली. पुढचे काही महिने त्यांच्या पेन्शनमधून कपात होत राहिली. साहेबांची तोवर बदली झाली होती.

भाचीच्या पेटीवर जुन्या फिती पुसण्याचेही बटण आहे. ते फायली निवडते, प्रश्न पडद्यावर आणते आणि थांबते. शेवटचा एन्टर तिने त्यात घातलेला नाही. तो ती यादी वाचून कळफलकावरच दाबते.