ग्रंथपडताळणी आणि न सापडणारे ग्रंथ

अमुक ग्रंथ संग्रहात आहे व तो अमुक ठिकाणी मिळेल, असे आश्वासन ग्रंथालयाची तालिका वाचकास देत असते. वाचक त्या ठिकाणी जातो आणि ग्रंथ तेथे नसतो, तेव्हा केवळ एक प्रत नाहीशी झाली एवढेच घडत नाही. तालिकेवरील त्याचा विश्वास उणावतो. आणि नोंदीनुसार ग्रंथ उपलब्ध असल्यामुळे ग्रंथालय नवी प्रतही घेत नाही. ग्रंथालयाच्या नोंदी आणि मांडणीवरील प्रत्यक्ष ग्रंथ यांचा मेळ घालण्याच्या कामास ग्रंथपडताळणी म्हणतात. हिशेबतपासनिसांच्या समाधानासाठी करावयाचा उपचार एवढेच तिचे स्वरूप मानले, तर तिचा मुख्य हेतू दृष्टीआड होतो. तालिकेचे आश्वासन खरे ठेवणे हा तो हेतू होय.

पडताळणीच्या प्रचलित पद्धती मुख्यतः तीन आहेत. पहिलीत एक जण कपाटातील ग्रंथांचे दाखल क्रमांक वाचतो व दुसरा दाखल-नोंदवहीत अथवा क्रमांक लिहिलेल्या स्वतंत्र तक्त्यावर खूण करतो. ही पद्धती सोपी असली तरी संथ आहे. कारण ग्रंथ विषयवार लावलेले असतात आणि नोंदवही मात्र खरेदीच्या क्रमाने चालते. दुसरीत शेल्फ-लिस्टचा, म्हणजे ग्रंथांच्या मांडणीच्याच क्रमाने लावलेल्या पत्रांचा उपयोग करतात. पत्रे व ग्रंथ एकाच क्रमात असल्यामुळे उणीव तर कळतेच, शिवाय चुकीच्या जागी गेलेला ग्रंथही तत्काळ लक्षात येतो. तिसरी पद्धती यंत्राची. बारकोड किंवा आरएफआयडी पट्टीवरील क्रमांक यंत्राने टिपून घेतात आणि कोहा, सोल यांसारख्या संगणकप्रणालीतील नोंदींशी ते ताडून पाहतात. यात वेळ पुष्कळ वाचतो. तथापि यंत्र पट्टी वाचते, ग्रंथ वाचत नाही. पट्टी निघालेला ग्रंथ जागेवर असूनही गहाळ ठरतो, आणि भलत्याच ग्रंथावर लागलेली पट्टी नसलेल्या ग्रंथाची हजेरी लावून जाते.

पहिल्या फेरीत जे ग्रंथ आढळत नाहीत, त्यांची यादी म्हणजे हरवलेल्या ग्रंथांची यादी नव्हे. ‘सापडत नाही’ आणि ‘हरवला’ या दोन भिन्न अवस्था आहेत. ग्रंथ वाचकाकडे असेल, बांधणीस गेला असेल, विभागीय संग्रहात असेल, किंवा परीक्षेच्या दिवसांत एखाद्या विद्यार्थ्याने तो दुसऱ्या रांगेमागे दडवला असेल. ड्यूई वर्गीकरणात मराठी वाङ्मयाचा वर्गांक ८९१.४६ आणि हिंदीचा ८९१.४३ आहे. एका अंकाच्या नजरचुकीने मराठी कादंबरी हिंदीच्या कपाटात जाऊन बसते, व तेथे ती वर्षानुवर्षे कोणाच्याच उपयोगी पडत नाही. म्हणून पहिल्या यादीतील ग्रंथांचा देवघेव, बांधणी व विभागीय नोंदींतून शोध घ्यावा. शेजारच्या वर्गांतील कपाटे पहावीत. आणि काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा शोध करावा. एवढे करूनही जे उरतील त्यांनाच हरवलेले म्हणणे योग्य.

या हरवलेल्या ग्रंथांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न नाजूक आहे. प्रत्येक उणिवेचे मूल्य ग्रंथपालाच्या वेतनातून वसूल होईल अशी धास्ती असली, की कपाटांना कुलपे लागतात. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिले सूत्र ग्रंथांचा उपयोग हाच ग्रंथसंग्रहाचा हेतू मानते. ते सूत्र अशा वेळी कागदावरच राहते. हार्वर्ड येथे १८५६ ते १८७७ या काळात ग्रंथपाल असलेल्या जॉन लँग्डन सिब्ली यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. सर्व ग्रंथ जागेवर आहेत, केवळ दोन प्राध्यापक आगासी यांच्याकडे आहेत आणि तेही आणावयास आपण निघालो आहोत, असे त्यांनी मोठ्या समाधानाने सांगितले म्हणे. असा संग्रह मोजावयास सुलभ खरा. परंतु त्या घटकेला तो कोणीच वाचीत नसतो.

भारत सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील २१५ वा नियम या बाबतीत अधिक समंजस आहे. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयात दरवर्षी, आणि त्यापुढे पन्नास हजारांपर्यंत किमान तीन वर्षांतून एकदा पूर्ण पडताळणी करावी, असे तो सांगतो. त्याहून मोठ्या संग्रहात तीन वर्षांच्या आत नमुना-पडताळणी पुरते. तीत अवाजवी उणीव दिसल्यास मात्र पूर्ण पडताळणी करावी लागते. वर्षभरात दिलेल्या अथवा वाचनासाठी हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी, ती अप्रामाणिकपणामुळे वा हलगर्जीपणामुळे झालेली नसेल तर, वाजवी समजली जाते. एक हजार रुपयांहून अधिक किमतीचा ग्रंथ आणि कोणत्याही किमतीचा दुर्मीळ ग्रंथ यांची चौकशी मात्र झालीच पाहिजे.

हे प्रमाण एकूण ग्रंथसंख्येवर नव्हे, तर ग्रंथांच्या उपयोगावर बसवलेले आहे, ही गोष्ट पुष्कळदा लक्षात येत नाही. समजा, एका ग्रंथालयात चाळीस हजार ग्रंथ आहेत व वर्षाकाठी बारा हजारांची देवघेव व हाताळणी होते. तेथे साठ ग्रंथांची हानी वाजवी ठरेल. तितक्याच मोठ्या, पण दोन हजार ग्रंथांचाच वापर होणाऱ्या संग्रहात ती मर्यादा दहावर येते. म्हणजेच वापराबरोबर काही झीज होणारच, हे नियमाने गृहीत धरले आहे.

नमुना-पडताळणीची मर्यादाही जाणून घ्यावी. ऐंशी हजारांच्या संग्रहातून यदृच्छेने निवडलेल्या चारशे दाखल क्रमांकांपैकी आठ सापडले नाहीत, तर उणीव दोन टक्के दिसते. परंतु एवढ्या नमुन्यावरून खरी उणीव सुमारे एक ते चार टक्क्यांच्या दरम्यान असावी, इतकेच म्हणता येते. शिवाय कोणते ग्रंथ गेले हे नमुना सांगत नाही. चुकलेला ग्रंथ जागेवर आणण्याचे कामही त्याने होत नाही.

अखेरच्या यादीस सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी मिळाली, की ग्रंथांचे निर्लेखन करतात. त्या वेळी दाखल-नोंदवहीतील मूळ नोंद खोडू नये. शेऱ्याच्या रकान्यात आदेशाचा क्रमांक व दिनांक लिहावा. तो दाखल क्रमांक दुसऱ्या ग्रंथास देऊ नये, कारण निर्लेखित ग्रंथ पुढे सापडण्याचा संभव असतो. ती एकमेव प्रत असल्यास तालिकेतील नोंद काढून घ्यावी. अन्य प्रत असल्यास गेलेल्या प्रतीचा क्रमांक तेवढा वगळावा. ही शेवटची पायरी राहून गेली, तर हिशेब पूर्ण होतो आणि वाचकाची फसगत मात्र चालूच राहते.

निर्लेखनानंतर यादी दप्तरी पडून राहू नये. ती विषयवार लावून पाहिल्यास कोणत्या विषयाची पुस्तके अधिक जातात हे दिसते. एकाच पाठ्यग्रंथाच्या प्रती वारंवार नाहीशा होत असतील, तर पहाऱ्याइतकाच प्रतींच्या अपुरेपणाचाही विचार झाला पाहिजे. कोणता ग्रंथ पुन्हा घ्यावयाचा, कोणता कालबाह्य म्हणून सोडावयाचा आणि मुद्रणाबाहेर गेलेल्या कोणत्या ग्रंथाची प्रतिलिपी अन्य ग्रंथालयातून मागवावयाची, हे ग्रंथपाल व त्या त्या विषयाचे अध्यापक यांनी एकत्र बसून ठरवावे. ग्रंथ परत मिळाला, त्याच्या जागी दुसरा आला किंवा तालिकेतील नोंद निघाली, यांपैकी एक गोष्ट प्रत्येक नावापुढे लिहिली गेल्यावरच पडताळणी संपली असे समजावे.