घूर्णवाती वादळ, रात्रीचे

गर्जन्मेघाच्या तळापासून भूपृष्ठापर्यंत पोहोचणाऱ्या व अतिवेगाने फिरणाऱ्या हवेच्या अरुंद स्तंभास घूर्णवाती वादळ किंवा टॉर्नेडो म्हणतात. रात्री उद्‌भवणारी अशी वादळे दिवसाच्या वादळांहून संख्येने कमी, परंतु अधिक प्राणघातक असतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९५०–२००५ या काळात झालेल्या घूर्णवाती वादळांपैकी सुमारे २७ टक्केच वादळे रात्रीची होती; मात्र एकूण मृत्यूंपैकी सुमारे ३९ टक्के मृत्यू त्यांच्यामुळे ओढवले. या तफावतीचे कारण वाऱ्याच्या जोरापेक्षा इशारा व निवारा यांत शोधावे लागते.

कारणे : उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी उबदार, दमट हवा गर्जन्मेघांना ऊर्जा पुरविते. त्यामुळे ही वादळे बहुधा दुपारनंतर व सायंकाळी होतात. सूर्यास्तानंतर जमीन निवते व बहुतेक मेघ विरतात. तथापि भूपृष्ठालगतची हवा स्थिर झाल्याने तिच्यावरील थरातील वाऱ्यास होणारा घर्षणाचा विरोधही घटतो आणि काहीशे मीटर उंचीवर वेगवान वायुझोत निर्माण होतो. हा झोत मेक्सिकोच्या आखातावरील बाष्प उत्तरेकडे वाहून आणतो. तसेच उंचीनुसार वाऱ्याच्या वेगात व दिशेत होणारा बदल वाढवितो. या बदलामुळे मेघातील ऊर्ध्व प्रवाहास परिभ्रमण गती मिळते. देशाच्या आग्नेय भागात हिवाळ्यात व वसंत ऋतूतही अशी स्थिती उद्‌भवते.

उल्लेखनीय वादळे : ४ मे २००७ रोजी रात्री कॅनझस राज्यातील ग्रीन्झबर्ग हे सुमारे १,५०० वस्तीचे गाव जवळजवळ पूर्णतः उद्ध्वस्त झाले. सुधारित फूजीता श्रेणीत सर्वोच्च, म्हणजे पाचवी, प्रत मिळालेले हे पहिले वादळ होय. इशारा २० मिनिटांहून अधिक आधी मिळाला होता आणि त्या भागातील अनेक घरांना तळघरे असतात. त्यामुळे मृतांची संख्या १२ च्या पुढे गेली नाही.

१० डिसेंबर २०२१ च्या रात्री टेनेसी राज्याच्या वायव्य भागात सुरू झालेले वादळ केंटकी राज्यात सुमारे तीन तासांत एकूण २६६ किमी. अंतर कापून गेले. वाऱ्याचा कमाल वेग ताशी सुमारे ३०५ किमी. होता. मेफील्ड व डॉसन स्प्रिंग्ज ही छोटी शहरे त्याच्या मार्गात सापडली. मृतांची संख्या ५७ होती. त्यांपैकी ९ व्यक्ती मेफील्ड येथील मेणबत्त्यांच्या कारखान्यात रात्रपाळीवर होत्या. २४ मार्च २०२३ रोजी रात्री सुमारे आठच्या सुमारास मिसिसिपी राज्यातील रोलिंग फोर्क या गावाचा बहुतांश भाग चौथ्या प्रतीच्या वादळाने नष्ट केला. या वादळात १७ लोक मरण पावले.

इशारा व संरक्षण : दिवसा नरसाळ्याच्या आकाराचा मेघ लांबूनही दिसतो. अंधारात तो विजेच्या लखलखाटात क्षणभर दिसतो किंवा पावसाच्या पडद्याआड दडून राहतो. डॉप्लर रडारने मेघातील परिभ्रमण आणि हवेत उडालेला ढिगारा रात्रीही ओळखता येतो, त्यामुळे इशारा देणे शक्य असते. परंतु सूचनेपासून आघातापर्यंतचा अवधी सरासरीने १५ मिनिटांहून कमी भरतो आणि झोपलेल्या माणसापर्यंत सूचना पोहोचतेच असे नाही. गावातील भोंगे घराबाहेरील लोकांना सावध करण्यासाठी असतात. बंद घरात त्यांचा आवाज क्षीण होतो. म्हणून इशारा प्रसृत होताच आपोआप घंटा वाजविणारा हवामान रेडिओ व दूरध्वनीवरील आणीबाणीची सूचना ही साधने उशाशी असणे महत्त्वाचे ठरते.

जाग आली तरी जाण्यास जागा हवी. दक्षिणेकडील राज्यांत तळघरे विरळ असून पुष्कळ कुटुंबे पायाशी भक्कमपणे न जोडलेल्या, वाहून नेता येण्याजोग्या हलक्या घरांत राहतात. अशी घरे मध्यम प्रतीच्या वादळातही उलथून पडतात. त्यांतील रहिवाशांना मध्यरात्री अंधारातून दुसऱ्या इमारतीकडे जावे लागते. परिणामी चालत जाण्याच्या अंतरावर सार्वजनिक निवारा बांधणे आणि वादळाची शक्यता वर्तविली गेल्यास झोपण्यापूर्वीच तेथे किंवा पक्क्या घरी मुक्कामास जाणे, हे उपाय अधिक परिणामकारक ठरतात.