माळावरचे रोपवन

लावलेल्या जंगलाला वनखात्यात ‘रोपवन’ म्हणतात. शब्द मोठा प्रामाणिक आहे. त्यात रोप आधी येते, वन नंतर, आणि कित्येकदा वन येतच नाही. यवतहून भुलेश्वरच्या घाटाकडे निघाले किंवा चौफुल्याहून सुप्याच्या वाटेला लागले, की दौंडच्या या माळपट्ट्यात रोपवनाचा ठरलेला साचा नजरेस पडतो: उतारावर खणलेले सलग समतल चर आणि त्यांच्या कडेने रांगेत उभी झाडे. त्यांत ग्लिरिसिडिया पुष्कळ. मध्य अमेरिकेतून आलेल्या या झाडाला आपल्याकडे गिरिपुष्प म्हणतात आणि उंदीरमारीही. ते झपाट्याने वाढते, कमी पाण्यावर तगते आणि उग्र वासामुळे शेळ्यामेंढ्या सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने झडून त्याला फिकट गुलाबी फुलोरा येतो, तेव्हा फिरायला आलेल्या माणसाला जंगल पाहिल्याचे समाधानही मिळते. पण जे जनावराला खाता येत नाही म्हणून निवडले, ते जनावरांच्या मुलखात कोणासाठी लावले, हा प्रश्न उरतोच.

कारण हा मुलूख मुळात गवताचा आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मुरमावर वीतभर माती. अशा जागी कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते, मध्येच एखादी हिवर किंवा बोर. या मोकळेपणावरच चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक आणि चंडोल जगतात. धाविक तर उघड्या जमिनीवरच अंडी घालतो आणि चिंकाऱ्याचा बचाव लांबवर दिसण्यात व पळण्यात आहे. झाडांची दाट सावली पडली, की खालचे गवत विरळ होते. दौंडला लागूनच, बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. 1997 साली ते झाले तेच चिंकाऱ्यासाठी; क्षेत्रफळ अवघे 5 चौरस किलोमीटरच्या थोडे वर. एवढ्या जागेत प्रत्येक दाट ओळ महाग पडते.

यावर पहिला आक्षेप असा, की माळ उघडा ठेवला तर माती वाहून जाईल. ती वाहते हे खरे, पण बेसुमार चराईने आणि नांगराने खरवडलेल्या माळावरून. धड गवत असेल तर त्याच्या मुळांचे जाळे मातीला धरून ठेवते. चर खणताना मात्र तेच जाळे तोडावे लागते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. रोपवनाची पाटी नसती, तर ही जमीन उरली असती का? कुरकुंभला आणि शिरूरच्या बाजूला रांजणगावला औद्योगिक वसाहती आल्या, कालव्याच्या पाण्यामागे ऊस आला. वनखात्याच्या ताब्यामुळे कित्येक माळ वाचले, हे मान्य करायलाच हवे. पण वाचवले ते ताब्याने. त्याचे श्रेय ग्लिरिसिडियाला द्यायचे कारण नाही.

तरीही झाडेच लागतात, कारण झाडे मोजता येतात. राज्याने 2017 ते 2019 या 3 वर्षांत 50 कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले होते. गवताच्या काड्यांचा असा आकडा कुठल्या फलकावर लावणार? महसुली भाषेत माळ म्हणजे ‘पडीक’, आणि पडीक जमीन म्हटली की ती भरून काढावीशी वाटते. धनगरांच्या लेखी मात्र तीच जमीन चराईची, म्हणजे चांगली कामाची.

झाडांना विरोध असावा असे यातून निघत नाही. शिरूर तालुक्यातले मोराची चिंचोली पाहा: नाव चिंचांवरून, ओळख मोरांमुळे. तिथल्या चिंचा गावाच्या, शेताच्या आणि विहिरीच्या सोबतीने वाढल्या आहेत, जिथे माती खोल आहे आणि सावली माणसाला हवी आहे. ओढ्याकाठी, पाणंदीला, गावठाणात झाडे कितीही लावावीत; प्रश्न फक्त मुरमाड पठाराचा आहे. वनखात्यालाही याची जाणीव झाल्याची खूण दिसते. 2024 साली बारामतीतल्या शिर्सुफळ आणि इंदापुरातल्या कडबनवाडीच्या माळांवर गवताळ प्रदेशाची सफारी सुरू झाली. तिथे पैसे भरून येणारा पर्यटक लांडगा आणि चिंकारा पाहायला येतो, आणि ते त्याला दिसतात ते मध्ये झाडांची भिंत नसते म्हणून.