घोट्यावर टॅग, पायात बूट: तुरुंगातून सुटलेल्या फुटबॉलरचं पुढे काय होतं?

ताज्या भागाचा हा लेखी अवतार. बोलताना माझं जे पाल्हाळ झालं होतं ते इथे बरंचसं कापलंय, आणि घाईत राहून गेलेल्या काही गोष्टी जोडल्यात.

विषय साधा वाटतो. एखादा व्यावसायिक फुटबॉलर गुन्हा करतो, तुरुंगात जातो, शिक्षा भोगून बाहेर येतो. पुढे काय? त्याला पुन्हा क्लब मिळतो का? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. शिक्षा किती ते न्यायाधीश ठरवतो, पण करिअर उरणार का हे ठरतं त्याच्या वयावर, त्याच्या बाजारभावावर आणि, हे जरा ऐकायला कडू आहे, नशिबावर. तुम्ही म्हणाल, गुन्ह्यावर नाही का ठरत? ठरतं, पण आपल्याला वाटतं तसं नाही.

सुरुवात जर्मेन पेनंटपासून करू. पुण्यातल्या फुटबॉलवेड्यांना हे नाव आठवत असेल. २०१४ साली आयएसएलच्या पहिल्याच मोसमात तो एफसी पुणे सिटीकडून बालेवाडीला खेळला, त्रेझेगे आणि कात्सुरानिस यांच्याबरोबर. मी तेव्हा बारावीत होतो. आमच्या ग्रुपमध्ये त्याची ओळख एकच, 'लिव्हरपूलकडून चॅम्पियन्स लीगची फायनल खेळलेला माणूस'. तो तुरुंगात जाऊन आलाय हे आमच्यातल्या कुणाच्या गावीही नव्हतं.

पेनंट नॉटिंगहॅमचा. जन्म १९८३चा. पंधराव्या वर्षी आर्सेनलने त्याला नॉट्स काउंटीकडून सुमारे २० लाख पौंडांना घेतलं. एवढ्या लहान मुलासाठी तेव्हा ही डोळे पांढरे करणारी रक्कम होती. मे २००३ मध्ये आर्सेनलकडून प्रीमियर लीगमध्ये पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळायला मिळालं, समोर साउदॅम्प्टन, आणि पठ्ठ्याने थेट हॅटट्रिक मारली. तरीही आर्सेनलमध्ये जागा पक्की झाली नाही. वॉटफर्ड, लीड्स, मग बर्मिंगहॅम सिटी, असं उसनवारीवर फिरणं चाललं होतं.

जानेवारी २००५ मध्ये एलिसबरी गावात त्याने मर्सिडीज दिव्याच्या खांबावर घातली. दारू प्यायलेला होता. त्याआधी दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दलच त्याचा परवाना काढून घेतलेला होता, म्हणजे त्या दिवशी त्याने मुळात स्टिअरिंगला हात लावायला नको होता. विमाही नव्हता. १ मार्चला कोर्टाने तीन महिन्यांची कैद सुनावली.

आता इथून पुढचं गणित नीट बघा, कारण सगळी गोम त्यात आहे. इंग्लंडमध्ये तेव्हा अशा छोट्या शिक्षेत निम्मी मुदत झाली की कैदी आपोआप बाहेर. म्हणजे तीन महिन्यांचे झाले दीड. त्यातही १९९९ पासून एक योजना होती, की निम्म्याच्याही आधी सोडायचं, पण घोट्याला इलेक्ट्रॉनिक टॅग बांधून, आणि रोज ठरलेले तास ठरलेल्या घरातच राहायच्या अटीवर. पेनंट तीस दिवसांत बाहेर आला. २ एप्रिलला, म्हणजे सुटकेनंतर दोन-तीन दिवसांत, तो बर्मिंगहॅमकडून टॉटनहॅमविरुद्ध मैदानात उतरला. घोट्याला टॅग होताच.

माझ्यातला इंजिनिअर इथे थोडा वळवळतो. लोकांना वाटतं, टॅग म्हणजे पायाला बांधलेला जीपीएस, प्रत्येक ड्रिबल पोलिसांच्या स्क्रीनवर. तसं काही नव्हतं. त्या काळचे हे टॅग रेडिओ लहरींवर चालायचे. घरात एक डबा बसवलेला असायचा, आणि टॅग त्या डब्याच्या टप्प्यात आहे की नाही एवढंच यंत्रणेला कळायचं. ठरलेल्या तासांना माणूस घरी हवा, विषय संपला. मैदानात तो पट्टा निव्वळ ओझं होता, पण वर्तमानपत्रांना त्याहून चांगला फोटो कुठून मिळणार?

बर्मिंगहॅमचे मॅनेजर स्टीव्ह ब्रूस त्याच्या पाठीशी उभे राहिले, आणि त्याच वर्षी क्लबने त्याला कायमचं विकत घेतलं. २००६ मध्ये लिव्हरपूलने घेतलं. मे २००७ मध्ये अथेन्सला मिलानविरुद्ध चॅम्पियन्स लीगची फायनल. लिव्हरपूल हरलं, पण पेनंट त्या दिवशी त्यांच्या चांगल्या खेळाडूंत होता. मार्च २००५ मध्ये तुरुंग आणि मे २००७ मध्ये युरोपातला सगळ्यात मोठा सामना! सव्वादोन वर्षं. आपल्याकडे एवढ्या वेळात फ्लॅटचा ताबा मिळत नाही.

मग आर्सेनलने त्याला हाकललं का नाही? कारण तो नुसता नोकर नव्हता, मालमत्ता होता. तुम्हीआम्ही तुरुंगात गेलो तर कंपनी दुसऱ्या दिवशी ॲक्सेस काढून घेते आणि नवा माणूस शोधते. तिचं नुकसान फारसं नाही. फुटबॉलरचा करार गैरवर्तनासाठी मोडता येतो, पण मोडला की विक्रीची किंमतही शून्य. बावीस वर्षांचा वेगवान विंगर, शिक्षा एका महिन्याची, गिऱ्हाईक समोर उभं. माझ्या मते दया-माया नंतर येते, आधी हा हिशोब.

आर्सेनललाच याचा जुना अनुभव होता. कर्णधार टोनी ॲडम्स डिसेंबर १९९० मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल चार महिन्यांसाठी आत गेला आणि दोन महिन्यांच्या आत बाहेर आला. त्याची गाडी रेलीमध्ये एका भिंतीवर आदळली होती. क्लबने कर्णधारपदसुद्धा काढलं नाही. त्या मोसमात आर्सेनलने अडतीस सामन्यांत एकच गमावला आणि लीग जिंकली. तो एक पराभव ॲडम्स तुरुंगात असतानाचा! मात्र त्याची दारू तुरुंगाने सुटली नाही. आपण व्यसनी आहोत हे त्याने जाहीरपणे कबूल केलं १९९६ मध्ये. पुढे खेळाडूंच्या व्यसनमुक्तीसाठी स्पोर्टिंग चान्स ही संस्था काढली. आज एमिरेट्स स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे.

एकाने खांबाला ठोकलं, एकाने भिंतीला. आता तिसरा घ्या.

ल्यूक मॅकॉर्मिक, प्लिमथ अर्गाइलचा गोलकीपर. जन्म १९८३, पेनंटच्याच वयाचा. जून २००८ मध्ये सहकाऱ्याच्या लग्नाहून परतताना, मर्यादेच्या दुपटीहून जास्त दारू अंगात असताना, मोटारवेवर त्याने दुसऱ्या गाडीला धडक दिली. त्या गाडीतले दोन सख्खे भाऊ गेले, एक दहा वर्षांचा, दुसरा आठ. शिक्षा सात वर्षं चार महिने. निम्मी भोगून तो जून २०१२ मध्ये बाहेर आला.

मला या तिघांची तुलना रात्रभर छळत राहिली. स्टिअरिंगमागे बसायचा निर्णय तिघांचा सारखाच. पेनंटच्या वाटेत खांब आला, ॲडम्सच्या वाटेत भिंत, मॅकॉर्मिकच्या वाटेत एक कुटुंब. कायदा परिणाम बघतो, आणि ते योग्यच आहे, गेलेली मुलं परत येत नाहीत. पण 'पेनंट सुधारला म्हणून वाचला आणि मॅकॉर्मिक वाईट म्हणून बुडाला' असं कुणी म्हणालं तर ते मला पटत नाही. पुण्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. १९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन जण गेले, माझ्याहून थोडे लहान आणि माझ्याच धंद्यातले. त्यानंतर तीनशे शब्दांच्या निबंधावर आपण सगळे संतापलो. पण त्याच रात्री शहरात असे किती जण पिऊन गाडी चालवत सुखरूप घरी पोचले असतील, त्यांच्याबद्दल कोण बोलतं?

असो. मुद्द्यावर येतो. पेनंटचे तीस दिवस आणि मॅकॉर्मिकची पावणेचार वर्षं, हा फरक करिअरच्या भाषेत केवढा असतो? एक महिना म्हणजे स्नायूची दुखापत. पावणेचार वर्षं म्हणजे खेळाडूच्या कमावत्या आयुष्याचा चौथा हिस्सा. क्लबने करार संपवलेला, शरीराची लय गेलेली, आणि आपल्या नावाच्या जागी दुसरा कधीचाच रुळलेला. मॅकॉर्मिक गोलकीपर होता म्हणून निदान निभावलं, कारण गोलकीपर पस्तिशीतही खेळतात. ट्रूरो सिटी हा छोटा क्लब, मग ऑक्सफर्ड, आणि २०१३ मध्ये पुन्हा प्लिमथ. पण तो गेला तेव्हा प्लिमथ दुसऱ्या स्तरावर होतं, परत आला तेव्हा चौथ्या. त्याला पुन्हा घेण्यावरून वादही झाला.

ली ह्यूजचं तसंच. वेस्ट ब्रॉमविचचा स्ट्रायकर. २००३ मध्ये त्याच्या बेदरकार गाडी चालवण्यात एका माणसाचा जीव गेला, आणि हा घटनास्थळावरून पळाला. सहा वर्षांची शिक्षा, क्लबने लगेच काढून टाकलं. तीन वर्षांनी, एकतिसाव्या वर्षी बाहेर आला तर ओल्डहॅमने घेतलं, तिसऱ्या स्तरावर. पुढे नॉट्स काउंटीला चौथ्या स्तराचं विजेतेपद मिळालं तेव्हा त्याने लीगमध्ये तीस गोल ठोकले होते. गोल आटले नव्हते, पण प्रीमियर लीगचा दरवाजा मात्र पुन्हा उघडला नाही. खालच्या स्तरावरच्या क्लबसाठी असा खेळाडू म्हणजे स्वस्तात मिळालेला महागडा माल. जोखीम घ्यायला तेच तयार होतात.

आणखी एक बाब लोक विसरतात. निम्म्या शिक्षेनंतर सुटलेला माणूस पूर्ण मोकळा नसतो. मोठ्या शिक्षेत उरलेला काळ 'लायसन्स'वर काढायचा असतो, म्हणजे देखरेखीखाली, अटींसह. चेड इव्हान्सच्या प्रकरणात हे दिसलं. त्याला २०१२ मध्ये बलात्काराच्या आरोपात दोषी ठरवून पाच वर्षांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये सुटल्यावर शेफील्ड युनायटेडने त्याला नुसता सराव करू द्यायचं ठरवलं, तर विरोधात दीड लाखांवर सह्या जमल्या. ऑलिम्पिक विजेती जेसिका एनिस म्हणाली, असं असेल तर स्टँडवरचं माझं नाव काढा. क्लब मागे हटला. ओल्डहॅमही हटलं. माल्टाच्या क्लबने बोलावलं, तर लायसन्सवर असताना परदेशात नोकरी करता येणार नाही म्हणून तेही बंद. मग २०१६ मध्ये अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली आणि फेरखटल्यात तो निर्दोष सुटला. पण २०१४-१५ मध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या वेळी दार बंद झालं ते न्यायालयामुळे कमी, आणि प्रायोजक आणि प्रेक्षकांच्या दबावामुळे जास्त.

एका श्रोत्याने विचारलं होतं, 'मग तुझ्या मते खेळू द्यावं का?' माझं उत्तर: द्यावं. ट्रक ड्रायव्हर किंवा गवंडी शिक्षा भोगून आला तर त्याला काम मिळावं असं आपण म्हणतो, मग फुटबॉलरला वेगळा नियम का? पण एक मान्य करतो. गवंड्याच्या नावाची जर्सी कुणाचं पोर घालत नाही, आणि त्याने भिंत बांधली की स्टेडियम उठून टाळ्या वाजवत नाही. ज्या आईने दोन मुलं गमावली तिला शनिवारच्या टाळ्या टीव्हीवर ऐकू येतात. काम मिळण्याचा हक्क मी मानतो. टाळ्यांचा हक्क असतो का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पेनंटबद्दल शेवटचं. लिव्हरपूलनंतर झारागोझा, स्टोक, मग आपलं पुणे, विगन, सिंगापूरचं टॅम्पिनिस रोव्हर्स, बरी, बिलेरिकी. इंग्लंडच्या मुख्य संघाची टोपी कधीच मिळाली नाही.

पुढच्या भागात जेमी लॉरेन्स. त्याची गोष्ट उलटी आहे. आइल ऑफ वाइटच्या कॅम्प हिल तुरुंगात दरोड्याची शिक्षा भोगताना तो तुरुंगाच्या संघातून खेळायचा. तिथून संडरलंड, लेस्टर, ब्रॅडफर्ड आणि थेट जमैकाचा राष्ट्रीय संघ. प्रश्न असतील तर बुधवारपर्यंत पाठवा, रेकॉर्डिंग गुरुवारी रात्री आहे.