फुगडीला दीड महिना कशाला?

यंदाच्या स्नेहसंमेलनात मंगळागौरीचे खेळ ठेवायचे ठरले, तेव्हा काही पालकांनी आम्हाला विचारले की फुगडीसाठी दीड महिना सराव कशाला? दोघींनी हात धरायचे नि फिरायचे, यात शिकायचे काय? प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

फुगडीत दोघी समोरासमोर उभ्या राहून पावले जवळ आणतात, हातांची फुली करून एकमेकींना धरतात आणि मागे झुकतात. अडचण इथेच येते. झुकायचे म्हणजे आपला भार समोरचीच्या हाती सोपवायचा. नवशिकी मुलगी तसे करीत नाही; ती कोपर वाकवते, कंबरेत मोडते आणि फुगडी रेंगाळते. म्हणून पहिले आठ-दहा दिवस आम्ही फिरूच देत नाही. नुसते झुकायचे, परत उभे राहायचे.

जोडी सारख्या वजनाची नसेल तर हलकीला जास्त झुकावे लागते, भारीला कमी. किती, ते त्याच दोघींना रोज खेळूनच उमजते. "आमच्या मुलीची जोडी बदला" ही विनंती आम्ही सहसा मान्य करीत नाही, त्याचे कारण हेच.

वेग दुप्पट झाला की हातांवरची ओढ चौपट होते. तळवे घामेजतात, म्हणून बोटांऐवजी मनगट धरायला शिकवतो. चक्कर येते ती कानाच्या आतल्या नलिकांमधील द्रवामुळे. आपण थांबलो तरी तो क्षणभर फिरतच राहतो. सवयीने हा त्रास कमी होतो. फिरताना नजर जोडीदारणीच्या चेहऱ्यावर ठेवावी, कारण सगळे गरगरत असताना तोच तेवढा स्थिर दिसतो.

सर्वांत उशिरा येते ते थांबणे. एकीला थांबावेसे वाटते, दुसरी रंगात आलेली असते. अशा वेळी हात सोडला तर पडते ती बहुधा बेसावध असलेली. आमचा नियम असा: जिला थांबायचे तिने मोठ्याने सांगावे, दुसरीने लगेच पावले मंद करावीत, आणि दोघी सरळ उभ्या राहिल्यावरच हात सुटावेत.

मुलांनीही नावे दिली आहेत. त्यात हसण्यासारखे काही नाही, पंढरीच्या वारीत पुरुष वारकरीही फुगडी घालतात. सराव मातीच्या पटांगणावर, अनवाणी होईल. मुलींना काचेच्या बांगड्या घालून पाठवू नये.