घोड्याबरोबर प्रवास: गाडीत काय काय असावे?

कार्तिक सरला की आमच्या हुबळी-धारवाड भागातील घोडेवाल्यांची लगबग सुरू होते. कोणाला लग्नसराईसाठी नवी घोडी पाहायची असते, तर कोणाला वाढविलेले शिंगरू विकायचे असते. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतही घोड्यांची खरेदी-विक्री होते. टांग्यांचे दिवस मागे पडले, तरी वरातीची घोडी, शर्यतीचे घोडे आणि धनगरांची ओझ्याची तट्टे यांच्यावर अजून कित्येक घरांची चूल पेटते.

पूर्वी घोडा आपल्या पायांनी जाई. चिकोडीकडील अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी माउलींच्या पालखीसाठी आळंदीला पायीच जातात. पण बाकीच्यांच्या नशिबी आता टेम्पोचा नाही तर ट्रकचा हौदा आहे. बंगलोर-पुण्याच्या शर्यतीच्या घोड्यांना खास बांधणीच्या बंद गाड्या असतात. परदेशात मोटारीमागे जोडायची ट्रॉली असते. आपल्याला भाड्याचा टेम्पो मिळतो. त्यातही घोडा सुखरूप नेता येतो, मात्र निघण्यापूर्वी बरोबर काय घ्यायचे याचा विचार केलेला असावा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची वरातीची घोडी बाजारातून परत आली. जाताना साजाची पेटी नीट भरली होती. मखमली झूल, मण्यांचे गोंडे, पायांतले घुंगरू, सगळे होते. पाण्याचा मात्र एकच डबा होता आणि बादली नव्हतीच. शेजारच्या घोड्याला चावू नये म्हणून घोडीचे तोंड रात्रभर केबिनच्या दांडीला आखूड बांधले होते. घरी आल्यावर ती खाईना. सर्वांना वाटले, थकली आहे. तिसऱ्या दिवशी सणसणून ताप चढला आणि नवव्या दिवशी ती गेली. डॉक्टरांनी फुप्फुसाचा दाह सांगितला. घोडी घेताना काढलेल्या कर्जाचे हप्ते ते घर अजून फेडीत आहे. त्या माणसांचे घोडीवर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? त्यांना प्रवासाची माहिती नव्हती, एवढेच. म्हणून हा लेख.

आधी हौदा तपासावा

सामान भरण्याअगोदर हौद्यात स्वतः चढावे. बाहेर आलेला खिळा, फाटलेला पत्रा, हलणारी फळी हाताने चाचपून पाहावी. यासाठी हातोडी आणि पक्कड बरोबर असू द्यावी. घोड्याला धनुर्वाताची बाधा इतर जनावरांपेक्षा लवकर होते, आणि खुरात गेलेला एक गंजका खिळा त्याला पुरतो. धनुर्वाताची लस दिलेली आहे ना, हे निघण्याच्या पुष्कळ आधी पाहावे.

तळाशी वाळूचा थर देऊन वर भाताचे काड किंवा उसाचे पाचट पसरावे. नुसत्या पत्र्यावर नाल घसरतात. प्राण्यांच्या वाहतुकीचे 1978 चे नियम सांगतात की तळ न घसरणारा असावा, दोन घोड्यांमध्ये निदान 8 सेंटिमीटर जाडीचा बांबू असावा, मागे दोन भक्कम आडवे दांडे असावेत, गाडीबरोबर एक राखणदार असावा आणि वेग ताशी 35 किलोमीटरपेक्षा जास्त नसावा. बांबूला व पुढच्या फळीला गोणपाट गुंडाळावे. वर ताडपत्री असावी, पण बाजू बंद करू नयेत. घोड्याला वाऱ्यापेक्षा कोंडलेल्या हवेचा त्रास अधिक होतो.

चढविण्यासाठी उतरती मजबूत फळी बरोबर घ्यावी. ती नसेल तर गाडीचा फाळका उंच बांधाला लावावा. निघण्यापूर्वी दोन-तीन दिवस उभ्या गाडीतच घोड्याला चारा दिला, तर आयत्या वेळी चाबकाची गरज पडत नाही.

पाणी आणि स्वतःची बादली

साधारण घोड्याला दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी लागते, उन्हात त्याहून अधिक. वीस-वीस लिटरचे दोन कॅन घरच्या पाण्याने भरून घ्यावेत. अनोळखी पाण्याला वेगळा वास आला की पुष्कळ घोडे तहानलेले असूनही तोंड लावीत नाहीत. लांबचा पल्ला असेल तर आठवडाभर आधीपासून घरच्या पाण्यात थोडा गूळ घालून सवय लावावी. पुढे वाटेतल्या पाण्यातही तोच गूळ घातला की चव ओळखीची लागते.

बादली आपली स्वतःची असावी. बाजारातल्या सामाईक हौदावर घोड्याला पाणी पाजू नये, दुसऱ्याची बादली किंवा तोबरा घेऊ नये व आपला देऊ नये. ग्लँडर्स नावाचा घोड्या-गाढवांचा जीवघेणा रोग अशा सामाईक पाण्यातून व चाऱ्यातून पसरतो. नाकातून घट्ट चिकट स्राव येणे, कातडीवर गाठी उठून फुटणे ही त्याची लक्षणे. तो माणसालाही होतो. शेजारी ‘हलका’ म्हणाला तरी चालेल, पण बादली देऊ नये.

चारा घरचाच

घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलेले पुढेच सरकले पाहिजे. अडले की पोटशूळ उठतो आणि त्यात घोडा काही तासांत दगावू शकतो. चारा अचानक बदलणे हे पोटशुळाचे एक मोठे कारण आहे. म्हणून प्रवासाचे दिवस आणि पोहोचल्यावरचे दोन दिवस पुरेल एवढे घरचे वाळके गवत किंवा कडबा बांधून घ्यावा. साडेतीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला सहा-सात किलो कोरडा चारा धरावा. तो धूळ झटकून, थोडे पाणी शिंपडून द्यावा. बुरशी आलेला मुळीच देऊ नये. हरभऱ्याची किंवा ओटची चंदी प्रवासाच्या दिवशी निम्म्याहून कमी करावी. उभ्या घोड्याला भरपेट चंदी मानवत नाही. मिठाची पुडी मात्र जवळ ठेवावी.

वाटेत चारा संपला म्हणून गाई-म्हशींचे किंवा कोंबड्यांचे तयार खाद्य घोड्याला कधीही घालू नये. अशा काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. गाईला ते चालते, पण घोड्याच्या हृदयावर त्याचा घातक परिणाम होतो.

दावे किती लांब?

त्या घोडीचे दुखणे इथेच सुरू झाले. घोडा चरताना मान खाली घालतो, तेव्हा श्वासनळीतली घाण आपोआप नाकावाटे बाहेर येते. मान तासन्‌तास वर बांधून ठेवली की ती खाली फुप्फुसात उतरते आणि तिथे दाह होतो. तेव्हा दावे फार आखूड नसावे आणि पाय अडकेल इतके लांबही नसावे. दर तीन-चार तासांनी गाडी सावलीत थांबवून अर्धा तास घोड्याला मान खाली सोडू द्यावी. त्याच वेळी पाणी दाखवावे व चारा जमिनीलगत ठेवावा.

बांधताना मोहरकीला बांधावे, लगामाला नव्हे. गाठ एका ओढीत सुटणारी असावी. एक जास्तीची मोहरकी, दोन जास्तीचे दोर आणि धारदार चाकू हाताशी असावा. घोडा पडला आणि गळ्यात दोर आवळला, तर गाठ सोडवायला वेळ नसतो.

औषधाची पेटी

पेटी मोठी नको. स्वच्छ कापूस, रुंद पट्ट्या, कात्री, जखम धुण्यासाठी मीठ आणि पोव्हिडोन आयोडीन एवढे पुरे. एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात चहाचे दोन सपाट चमचे मीठ घातले की जखम धुण्याचे पाणी तयार होते. दोरा बांधलेला थर्मामीटर अवश्य घ्यावा. घोड्याचा ताप गुदद्वारात पाहतात. निरोगी घोड्याचे तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सियस असते. विसाव्याच्या वेळी नाडी मिनिटाला 28 ते 44 आणि श्वास 8 ते 16 असतो. हे आकडे पेटीच्या झाकणावर लिहून ठेवावेत.

दोन गोष्टी पेटीत नसाव्यात. एक, गुंगीचे औषध. डॉक्टरांच्या देखरेखीवाचून ते दिले तर घोड्याचा तोल जातो. दुसरी, तेल पाजण्याची नळी. पोटशूळ उठला म्हणून तोंड वर करून बांबूच्या नळीने तेल किंवा काढा ओततात. तो फुप्फुसात गेला तर पोट राहते बाजूला आणि घोडा हातचा जातो. घोडा जमीन उकरू लागला, वळून पोटाकडे पाहू लागला, लोळू लागला, तर चारा काढून घ्यावा, जमेल तसे हळूहळू चालवावे आणि पशुवैद्याला बोलवावे. कर्नाटकात तसेच महाराष्ट्रात 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करता येतो.

कागद आणि माणूस

निपाणीपुढे राज्याची हद्द ओलांडायची असते आणि रात्री हौद्यात जनावर दिसले की गाडी थांबविली जाते. पशुवैद्याचे प्रवासास योग्य असल्याचे प्रमाणपत्र, ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा अहवाल, लसींची नोंद, खरेदीची पावती आणि घोड्याचे दोन्ही बाजूंचे फोटो एका प्लास्टिकच्या पिशवीत घालावेत. रक्ततपासणीला वेळ लागतो, म्हणून ती निघण्याच्या बरीच आधी करून घ्यावी. पिशवी ड्रायव्हरकडे न देता स्वतःजवळ ठेवावी.

घोड्याबरोबर त्याच्या ओळखीचा माणूस जावा. क्लीनरला पैसे देऊन ‘लक्ष ठेव’ म्हटल्याने भागत नाही. त्याला घोड्याचे काही कळत नाही आणि घोडाही त्याला ओळखत नाही.

हिशोब वेळेचा

हुबळीहून बेळगाव शंभर किलोमीटरच्या आत आहे. ताशी 35 च्या चालीने तिथे पोहोचायला पावणेतीन तास लागतात. तिथे पहिली विश्रांती घ्यावी. कोल्हापूर आणखी तीन तासांवर, तिथे दुसरी. सारंगखेडा साडेआठशे किलोमीटरच्या आसपास पडते, म्हणजे नुसते चालविण्याचेच चोवीस तास झाले. त्याला तीन दिवस धरावेत आणि दोन रात्री घोडा खाली उतरवून मोकळा बांधावा. ‘एका दमात नेतो’ म्हणणाऱ्या ड्रायव्हरला नमस्कार करून दुसरी गाडी पाहावी.

पोहोचल्यावर लगेच चंदी देऊ नये. आधी पाणी, मग वाळका चारा, मग थोडे चालविणे. पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप पाहावा. घोडा चारा टाकतो, खोकतो, अंग चोरतो, हे थकव्याचे लक्षण समजून बसू नये. पहिल्याच दिवशी डॉक्टर आले तर फुप्फुसाचा दाह पुष्कळदा आटोक्यात येतो.

एका घोड्यासाठी यादी

1. वीस लिटरचे दोन कॅन, स्वतःची बादली, तोबरा, गूळ, मीठ.
2. प्रवासाचे दिवस आणि पुढचे दोन दिवस पुरेल एवढा घरचा चारा.
3. दोन मोहरक्या, जास्तीचे दोर, चाकू, हातोडी, पक्कड.
4. वाळू, पाचट, बांबू, गोणपाट, ताडपत्री, उतरती फळी.
5. खरारा, खूर साफ करण्याचा आकडा, थंडीसाठी साधी झूल.
6. औषधाची पेटी, थर्मामीटर, बॅटरी.
7. कागदांची पिशवी आणि अडीअडचणीचे पैसे.
8. साजाची पेटी. जागा उरली तरच.

दयाळू शोमरोन्याची गोष्ट आपण दरवर्षी मिस्सात ऐकतो. त्या वाटसरूच्या सामानात काय होते, हे कधी मोजले आहे का? जखमेसाठी तेल आणि द्राक्षारस होता, पट्ट्या बांधण्यापुरते कापड होते, खाणावळवाल्याला द्यायला दोन नाणी होती, आणि जखमी माणसाला पाठीवर घेण्याइतके धडधाकट जनावर होते. मन दयाळू होते, तसे सामानही तयार होते. म्हणून त्या माणसाचा जीव वाचला. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायातही सज्जनाची एक खूण सांगितली आहे, ती म्हणजे आपल्या जनावराच्या जिवाची काळजी. या मोसमात ज्यांच्या गाड्या निघतील, त्यांनी ही यादी कापून हौद्याच्या फळीला चिकटवावी आणि निघताना सर्वांत आधी बादली चढवावी.