इंजिनाचा श्वास आणि माझा पीव्हीसीचा पाइप

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. आता दीड लिटरच्या डिझेल मोटारीचा हिशेब करून पाहा. चार स्ट्रोकच्या इंजिनाचे सगळे सिलिंडर मिळून दर दोन फेऱ्यांत एकदा हवेने भरतात. मिनिटाला ३००० फेरे धरले तर १५०० वेळा दीड लिटर, म्हणजे २२५० लिटर! सिलिंडर काठोकाठ भरत नाहीत हे खरे. तरीसुद्धा भरलेल्या सभागृहातील श्रोत्यांना पुरेल एवढी हवा ते इंजिन एकटे ओढते.

मग हा श्वास अधिक मोकळा केला तर गाडीची ताकद वाढणार नाही का?

मलाही तसेच वाटले होते. ही २०११ सालची गोष्ट. माझ्याकडे एक जुनी डिझेल गाडी होती, टर्बो नसलेली. तिची हवा एका अरुंद तोंडातून, वेड्यावाकड्या डब्यातून आणि कागदी फिल्टरमधून आत जाई. हा सगळा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असे मनात आले. नळांच्या दुकानातून ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणि दोन एल्बो आणले, पाइपच्या टोकाला मोठा फिल्टर बसवला आणि तो बॉनेटखालीच मोकळा सोडला. गाडी सुरू करताच असा काही घनगंभीर आवाज आला की विचारू नका! शेजारी बसलेले माझे प्राध्यापक मित्र म्हणाले, “सर, गाडी पळायला लागली हो!” आवाज वाढला की ताकद वाढली असे कानाला वाटतेच. पण कान हे काही मोजण्याचे साधन नव्हे.

म्हणून मोजायचे ठरवले. गवंडी पातळी पाहायला वापरतात ती पारदर्शक नळी घेऊन तिचा यू आकार केला आणि त्यात शाई घातलेले पाणी भरले. नळीचे एक टोक हवेत मोकळे ठेवले, दुसरे फिल्टरच्या पुढच्या बाजूस, म्हणजे इंजिनाकडे, पाइपाला भोक पाडून जोडले. पाणी ओढले जाऊन इंजिनात शिरू नये म्हणून मध्ये एक रिकामी, घट्ट बुचाची बाटली ठेवली. झाला तुमच्या प्रयोगशाळेतला मॅनोमीटर! कोल्हापूरहून पन्हाळ्याकडे जाताना वाघबीळचा चढ लागतो. तिथे तिसऱ्या गियरमध्ये पेडल पूर्ण दाबून गाडी चढवायची आणि मित्राने दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक वाचायचा. (चालवणाऱ्याने नळीकडे बघायचे नाही, हा नियम आम्ही कटाक्षाने पाळला.)

मूळच्या डब्याने फरक आला सुमारे १० सेंटिमीटर. माझ्या पाइपाने ४. मला कोण आनंद झाला! पण संध्याकाळी वही उघडली आणि तो ओसरला. वातावरणाचा दाब म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. त्यातले दहा सेंटिमीटर म्हणजे अवघा एक टक्का. अडथळा पूर्ण नाहीसा केला असता तरी एक टक्क्याहून जास्त मिळणार नव्हते. मला जेमतेम अर्धा टक्का मिळाला होता.

दुसऱ्या रविवारी फिल्टरच्या तोंडाशी तापमापी बांधला. बाहेर ३२ अंश, बॉनेटखाली ६२. मूळच्या डब्याचे अरुंद तोंड बाहेरची थंड हवा घेत होते; माझा पाइप इंजिनाने तापलेली. दाब तोच असेल तर हवेची घनता केल्व्हिनमधील तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. ३०५ भागिले ३३५ करा. उत्तर येते ०.९१. म्हणजे अर्धा टक्का कमावण्यासाठी मी नऊ टक्के हवा घालवली होती! चढावर मागून काळा धूर जास्त येऊ लागला होता, त्याचेही कारण हेच.

मग सपाट रस्त्यावर काहीच फरक का जाणवत नव्हता? डिझेल इंजिनाची हीच खुबी आहे. पेट्रोल गाडीत पेडल दाबले की हवेची झडप उघडते. डिझेल गाडीत पेडलाने ठरते ते इंधन. हवा मूळचीच भरपूर असते. एक ग्रॅम डिझेल जळायला साडेचौदा ग्रॅमच्या आसपास हवा लागते, पण सावकाश चालताना सिलिंडरमध्ये त्याच्या कितीतरी पट असते. जेवणाऱ्याचे पोट भरलेले असताना पानात आणखी वाढून काय उपयोग? हवा अपुरी पडते ती पेडल पूर्ण दाबल्यावरच.

इथे थांबायला हवे होते. पण मी पाइप वाढवून त्याचे तोंड पुढच्या बंपरमागे, खाली नेले. थंड हवा मिळाली, आकडेही सुधारले. जून महिना लागला आणि गाडी सर्व्हिसिंगला गेली. मिस्त्रींनी बॉनेट उघडले आणि माझ्याकडे पाहत राहिले.

“सर, हे कुणी केलं?”

“मीच. का हो?”

“आणि रस्त्यावर गुडघाभर पाणी आलं तर?”

खरे सांगतो, हा हिशेब मी केलाच नव्हता. तो असा. एका सिलिंडरचे घनफळ सुमारे ३७५ घ.सें.मी., संपीडनाचे प्रमाण २२ ला १. दट्ट्या अगदी वर पोचला की उरणारी जागा ३७५ भागिले २१, म्हणजे १८ घ.सें.मी. चहाचे चार चमचेसुद्धा नाहीत! हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. चार चमचे पाणी आत गेले की दट्ट्याला वर जायला वाट नाही, आणि फिरणारे इंजिन तर थांबत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनीने हवेचे तोंड उंचावर का ठेवले होते, ते मला त्या दिवशी कळले. मूळचा डबा मिस्त्रींनी तासाभरात परत बसवला. माझ्याकडून त्याचे पैसे घेतले नाहीत, नुसते हसले. पुढच्याच महिन्यात पंचगंगेचे पाणी आमच्या रस्त्यावर आले होते.

तुम्ही घरच्या गाडीला हात लावू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार गाडीत परस्पर बदल करण्यावर बंधनेही आहेत. पण मॅनोमीटर शाळेत जरूर करा. अ‍ॅस्पिरेटरच्या बाटलीतून पाणी सोडा, म्हणजे ती वरच्या नळीतून हवा ओढेल. त्या नळीच्या तोंडात कापसाचा बोळा घाला आणि बोळा व बाटली यांच्यामध्ये टी-जोड लावून मॅनोमीटर जोडा. बोळा हळूहळू घट्ट करत प्रत्येक वेळी पाण्यातला फरक टिपा. शिक्षकांना विनंती, की नंतर त्याच बोळ्यावर थोडी खडूची पूड टाकून पुन्हा वाचन घ्यावे.